पद्मिनी गेली, पथ्यं राहिली

बोईसरला सकाळी सव्वासहाला दोन आवाज एकदम सुरू होतात. एक पहिल्या पाळीच्या कंपनी-बसच्या हॉर्नचा, दुसरा सोसायटीच्या आवारातल्या एका पांढऱ्या छोट्या गाडीचा. बस कामगारांना घेऊन एमआयडीसीच्या दिशेनं निघून जाते. गाडी मात्र जागच्या जागी घुरघुरत राहते. आत कुणी बसलेलं नसतं. मालक बाजूला उभे, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात पिवळं फडकं. पाच मिनिटं होतात, दहा होतात. पहिल्या मजल्यावरच्या काकू धाडकन खिडकी लावून घेतात. दूधवाला विचारतो, "काका, लांब निघालात?"

"छे रे. गाडी गरम करतोय."

"मग जाणार कुठं?"

"मंडईत. भाजी आणायला."

मंडई आठशे पावलांवर आहे.

हे काका म्हणजे कुणी एक माणूस नव्हे, ती एक संस्था आहे. पालघरच्या चार रस्त्यापासून तारापूरच्या किल्ल्यापर्यंत प्रत्येक इमारतीत तिची एक तरी शाखा असते. बहुतेक शाखाप्रमुख निवृत्त. कुणी पश्चिम रेल्वेतून, कुणी एमआयडीसीतल्या कापडाच्या नाहीतर पोलादाच्या कारखान्यातून, कुणी थेट अणुवीज केंद्रातून. प्रस्तुत लेखकाच्या इमारतीतले काका बॉयलरवरचे. तीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात वाफेवर नजर ठेवली. दर तासाला दाब वहीत उतरवायचा, परवान्याच्या कागदाशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, उत्पादकाच्या पुस्तिकेत लिहिलंय त्यापलीकडे एक आटासुद्धा पिळायचा नाही. असा शिस्तीचा माणूस. त्यांच्या स्वतःच्या गाडीची पुस्तिका मात्र डिकीत, स्टेपनीच्या वर, अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. पिशवीचं सीलही फुटलेलं नाही.

तारापूर-बोईसरची ही गंमत बाहेरच्यांना पटत नाही. देशातली पहिली अणुवीज इथं १९६९ साली तयार झाली. यंत्र म्हणजे काय, ते कशानं तापतं, कशानं फुटतं, हे इथल्या घराघरात कुणाला तरी पगार घेऊन माहीत आहे. पण कारखान्याच्या फाटकावर माणूस ओळखपत्र टेकवून बाहेर पडला, की ते ज्ञान हेल्मेटबरोबर लॉकरमध्ये राहतं. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीला लागू होतात ते कुण्या मामेभावानं, टायरवाल्यानं आणि व्हॉट्सॲपवरच्या गुड मॉर्निंगवाल्यानं सांगितलेले नियम.

काकांच्या सकाळच्या व्रताचं मूळ शोधायचं तर कुर्ल्याला जावं लागतं. तिथल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाट ११०० तयार व्हायची. १९७४ च्या सुमारास तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. पद्मिनीला कार्ब्युरेटर होता आणि डॅशबोर्डाखाली चोकची खुंटी. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची आणि इंजिनाला चार घास जास्तीचे भरवायचे. ते अंगी लागेपर्यंत थांबायचं. नाही थांबलं, तर गाडी पहिल्याच चढाला आचके देऊन बंद पडायची आणि लग्नाला निघालेलं अख्खं कुटुंब शालूसकट उतरून धक्का मारायचं. तेव्हा गाडी गरम करणं हे शहाणपणच होतं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिलाही आधी कार्ब्युरेटरच होता.

साधारण २००० च्या आसपास चित्र पालटलं. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि भारतीय गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. इंजिन किती थंड आहे हे आता एक सेन्सर मोजतो, पेट्रोल किती द्यायचं हे संगणक ठरवतो, आणि हे सगळं किल्ली फिरवल्यापासून पापणी लवायच्या आत होतं. ऑइल काही सेकंदांत वरपर्यंत पोचतं. पाऊणएक मिनिट थांबलं तरी पुष्कळ. पुढचं गरम होणं चालत्या गाडीतच चांगलं होतं, पहिले दोन-तीन किलोमीटर रेस न देता सबुरीनं गेलं म्हणजे झालं. उभ्या गाडीत इंजिन सावकाश तापतं, तोवर जास्तीचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं.

छोटी पेट्रोल गाडी जागेवर घुरघुरत तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. रोजची दहा मिनिटं धरली आणि वर्षाचे तीनशे दिवस, तर पंचवीस ते पन्नास लिटर पेट्रोल काका कुठंही न जाता जाळतात. तेवढ्यात बोईसरहून निघून जव्हार, नाशिक, शिर्डी करून गाडी घरी आली असती.

हा हिशेब प्रस्तुत लेखकानं एकदा काकांपुढे मांडला. काकांनी तो ऐकून घेतला, फडकं झटकलं आणि विचारलं, "थंड बॉयलरवर एकदम लोड देतोस का तू?"

उत्तर नव्हतं. कारण बॉयलरच्या बाबतीत काका शंभर टक्के बरोबर आहेत. बॉयलर सावकाशच तापवावा लागतो, नाहीतर पोलाद एकीकडे ताणतं, एकीकडे आखडतं आणि भेगा पडतात. गाड्यांविषयीचे बहुतेक गैरसमज असेच असतात. कधीकाळी, कुठल्यातरी यंत्राबाबत, ते अगदी खरे होते. वय झाल्यावर त्यांना निवृत्त करायचं राहून गेलं. पद्मिनी स्वतः निवृत्त झाली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर काळ्या-पिवळ्या पद्मिनीची एकही अधिकृत टॅक्सी उरली नाही, वीस वर्षांची वयोमर्यादा शेवटच्या गाडीलाही लागू झाली. वर्तमानपत्रांनी हळवे मृत्युलेख छापले. पण पद्मिनी गेली तरी तिची पथ्यं मागं राहिली. आजीच्या बाळंतपणातला शेक-शेगडी-धुरीचा कार्यक्रम सुनेच्या सिझेरियनलाही तसाच्या तसा करावा, तसं ते चालू आहे.

रेडिएटरचं प्रकरण तर या गावाला शोभत नाही.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात. ते पाणी तीनशे अंशांच्या आसपास तापतं आणि तरीही उकळत नाही, कारण त्याच्यावर प्रचंड दाब असतो. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. आठवीच्या विज्ञानातली ही गोष्ट, आणि प्रत्येक स्वयंपाकघरातल्या कुकरमधली. गाडीचा रेडिएटर हा त्याच कुळातला धाकटा भाऊ. त्याचं झाकण आतल्या पाण्यावर दाब धरून ठेवतं. बोईसरला, समुद्रसपाटीला, पातेल्यातलं पाणी शंभर अंशांना उकळेल, पण त्या झाकणाखाली ते एकशेवीसच्या आसपास जाईपर्यंत शांत असतं. झाकण उघडलं की दाब जातो, आणि एकशेदहा अंशांवरच्या त्या पाण्याला आपण केव्हाच उकळायला हवं होतं हे एकदम आठवतं. ते सगळं मिळून बाहेर येतं. थेट उघडणाऱ्याच्या तोंडावर.

एका मे महिन्यात चिल्हार फाट्याकडून बोईसरला येताना प्रस्तुत लेखकाच्या गाडीचा काटा लाल रेघेवर गेला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. मराठी रस्त्यावर बॉनेट उघडलं की मंगलाष्टकं ऐकू आल्यासारखी माणसं जमतात. जमलेल्या सातपैकी सहा जणांचं एकमत झालं: "झाकण खोला, पाणी टाका." त्यातला एक जण, त्याच्याच सांगण्यानुसार, कुठल्याशा प्लांटमध्ये प्रेशर व्हेसलवर होता. लेखकाचा हात रुमाल गुंडाळून झाकणापर्यंत गेलाही होता. सातवा माणूस ट्रकचा क्लीनर. वय असेल अठरा. तो म्हणाला, "शेठ, आधी चहा पिऊन या. अर्धा तास हात नका लावू." अर्धा तास थांबल्यावर झाकण बाटलीच्या बुचासारखं निमूट उघडलं. गळका पाइप दिसला. चहाचे पैसे क्लीनरनं देऊ दिले नाहीत, उलट बिस्किटाचा पुडा लेखकालाच दिला.

त्यानंतर बराच काळ रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी पडत राहिलं, कारण "कूलंट हे थंड देशातलं थेर, आपल्याकडं बर्फ कुठं पडतो" हे वाक्य नाक्यावर सर्वमान्य आहे. बर्फाचं काम हा कूलंटच्या नोकरीचा एक भाग झाला. बाकीच्या वेळात ते गंज धरू देत नाही, पाण्याचा उत्कलनबिंदू आणखी वाढवतं आणि पंपाच्या सीलला जपतं. किनाऱ्यालगतच्या गावांत बोअरला मचूळ पाणी लागतं. घरातल्या गीझरच्या कॉइलवर त्याचा पांढरा थर कसा चढतो ते काकू दर दिवाळीला दाखवतात. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तोच थर चढतो, फक्त तो दाखवायला काकू नसतात.

मनोरच्या मस्तान नाक्यावर टायरवाला विचारतो, "साधी मारू का नायट्रोजन?" साधी फुकट किंवा दहा-वीस रुपयांत, नायट्रोजनला दर टायरमागे वेगळे पैसे. 'साधी' हा शब्द तो अशा सुरात उच्चारतो की गिऱ्हाईक ओशाळतं. लग्नाच्या पंगतीत "तुम्हाला साधा भात चालेल ना?" असं विचारावं तसं. हिरव्या रंगाची बुचं लावलेली गाडी घेऊन माणूस प्रतिष्ठेनं हायवेला लागतो.

आता साधी हवा म्हणजे काय? तिच्यात ७८ टक्के नायट्रोजनच असतो. जन्मल्यापासून प्रत्येक पालघरकर तोच फुकट ओढतोय. विमानांच्या आणि शर्यतीच्या गाड्यांच्या टायरांत शुद्ध नायट्रोजन भरतात याला कारणं आहेत: त्यात बाष्प नसतं, आगीला हातभार लागत नाही. साध्या गाडीत त्याचा फायदा इतकाच की तो किंचित हळू झिरपतो. पण त्या फायद्यापायी माणूस चार-चार महिने हवा तपासायचीच सोडून देतो, "नायट्रोजन आहे ना!" म्हणून. खिळा काही नायट्रोजन बघून मागं फिरत नाही.

हवेच्या दाबाबाबत तर ऋतुचर्या ठरलेली आहे. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो. पावसाळ्यात हवा कमी ठेवायची, म्हणजे पकड येते. थंडीत राहिलंच आहे काय, सवयीनं कमीच. तिन्ही ऋतूंत टायर बिचारा अर्धपोटी. खरं म्हणजे कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, जास्त वाकतो आणि त्या वाकण्यानंच तापतो. उन्हाळ्यात काँक्रीटवर तासाला शंभरनं पळताना फुटायची भीती असते ती यालाच. पावसात पाण्याचा थर कापून रस्त्यापर्यंत पोचायला टायर ताठ असावा लागतो. मऊ टायर पाण्यावर होडीसारखा तरंगायला लागतो, आणि सातपाटीच्या होडीला निदान सुकाणू असतं. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, टायर थंड असताना मोजायचा. टायरच्या अंगावर छापलेला आकडा असतो तो त्याच्या सहनशक्तीचा शेवट. तोच आकडा वाचून एका सद्गृहस्थांनी चारही चाकं ठासून भरली आणि आठवडाभर घरच्यांना बैलगाडीचा अनुभव दिला.

जाता जाता: त्याच अंगावर चार आकडे एकत्र असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. भेंडी मोडून बघणारा मराठी माणूस टायर घेताना हे चार आकडे वाचत नाही, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

पालघरहून मनोरला जाताना वाघोबाची खिंड लागते. देऊळ आहे, माकडं आहेत, पावसाळ्यात धबधबा आहे. जाणारा-येणारा गाडी हळू करून वाघोबाला हात जोडतो, सुखरूप ने म्हणतो आणि उतार लागताच, तोच हात खाली आणून, गाडी न्यूट्रल करतो. देवाची इतकी तातडीनं परीक्षा घेणारा भक्त दुसऱ्या धर्मात सापडायचा नाही.

न्यूट्रलनं पेट्रोल वाचतं, हेही पद्मिनीचंच पथ्य. आजच्या गाडीत उताराला गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की संगणक इंजिनाला जाणारं पेट्रोल पूर्ण तोडतो. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनाचा काडीमोड होतो, मग इंजिन बंद पडू नये म्हणून बिचाऱ्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे वाचवायच्या नादात जळतं. शिवाय इंजिनाचा आपसूक मिळणारा लगाम सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब घाटात ब्रेक असे तापतात की खालच्या वळणावर पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही. याहून पुढच्या इयत्तेतले लोक किल्लीच बंद करतात. तेव्हा पॉवर स्टिअरिंग जातं, दोन-चार दाबांत ब्रेकची मदत संपते, आणि किल्ली बाहेर ओढली तर स्टिअरिंगला कुलूप बसतं. जव्हारच्या घाटात अशी बचत करणारा माणूस वाचलेल्या पाच रुपयांचा वडापाव खाऊ शकला तर तो वाघोबाचा मोठेपणा.

पेट्रोल पंप हे या धर्माचं मुख्य क्षेत्र. इथं शंभर, दोनशे, पाचशे असे गोल आकडे अशुभ. शंभरचं भरलं तर पंपवाला फसवतो, एकशेदहाचं भरलं तर फसवू शकत नाही. ही युक्ती इतकी पसरली आहे की पंपावरचा मुलगाच आता विचारतो, "पाचशेदहा का?" म्हणजे फसवायचंच असेल तर त्यानं एव्हाना पाचशेदहाची सोय केली नसेल काय?

फसवणूक मुळीच होत नाही असं नाही. २०१७ साली ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेनं राज्यातल्या कितीतरी पंपांवर छापे घातले होते. मशीनच्या आत पल्सर नावाचा भाग असतो. पेट्रोल वाहताना मीटर फिरतो, पल्सर त्या फेऱ्या मोजून पडद्यावरच्या आकड्याला कळवतो. त्यातच चिप घालून आकडा फुगवलेला सापडला. अशी लबाडी प्रत्येक थेंबामागे चालते, शंभराला तशीच आणि एकशेदहाला तशीच. दहा रुपये जास्त दिल्यानं दहा रुपयांवरही फसवणूक होते, एवढाच फरक. खरा इलाज प्रत्येक पंपावर ठेवलेला असतो: वैधमापन खात्यानं शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप. ग्राहकानं मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. प्रस्तुत लेखकानं ते एकदाच मागितलं. मागं उभ्या असलेल्या अकरा रिक्षांनी जो हॉर्न दिला, त्यानंतर मागितलेलं नाही.

पहाटे पेट्रोल घट्ट असतं म्हणून पहाटेच भरावं, असंही आहे. तापमानानं पेट्रोल फुगतं खरं, दर अंशाला साधारण हजारातला एक भाग. म्हणजे दहा अंशांचा फरक पडला तर पाचशे रुपयांवर पाच रुपये. पण पंपाची टाकी जमिनीच्या पोटात असते, तिला पहाट झालेली कळतही नाही. आणि दर एप्रिलमध्ये येणारा "टाकी फुल करू नका, उन्हानं स्फोट होतो" हा इंडियन ऑइलच्या नावाचा निरोप? खुद्द इंडियन ऑइलनं तो आपला नाही, उत्पादकानं ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी बिनधास्त भरा, असं पुन्हा पुन्हा जाहीर केलं आहे. निरोप तरीही दरवर्षी येतो. आंब्याच्या आधी येतो.

आता समुद्र. या पट्ट्यात गाडीचा खरा वैरी खारा वारा आहे, आणि नेमका त्याचाच कुणाला धाक नाही. वरून गाडी आरशासारखी पुसतात, तीही कोरड्या फडक्यानं, म्हणजे रात्रभर साठलेली धूळ पॉलिश पेपरसारखी रंगावर घासली जाते. भांड्यांचा साबण लावून वरचं मेणही धुऊन टाकतात. खाली मात्र कुणी वाकून बघत नाही. केळव्याला सहकुटुंब गेलेला माणूस सुरूच्या बनात गाडी लावायचं सोडून ती थेट ओल्या वाळूत नेतो, कारण जाहिरातीत तशी नेतात. जाहिरातीत भरतीची वेळ नसते. मग चाकं रुततात, रेस दिल्यावर आणखी रुततात, आणि संध्याकाळी दोर, ट्रॅक्टर आणि गावातली वीस माणसं लागतात. यात गाडी वाचली तरी खारं पाणी तळाशी लागलेलं असतं. घरी येऊन साध्या गोड्या पाण्यानं खालून धुतली तर बरंच निभावतं. पण आपल्याकडचा उपाय वेगळा: सर्व्हिसिंगला "खालून डिझेल मारा".

ट्रकच्या पाट्यांना हे मानवायचं, म्हणून गाडीलाही मानवेल. डिझेल मारल्यावर लोखंड चार दिवस चकाकतं. त्याच चार दिवसांत डिझेल रबराच्या बुशांत मुरतं, ते फुगतात, मऊ होतात, आणि चिकट झालेल्या तळाला धूळ बसून चांगला लेप तयार होतो. मग सहा महिन्यांनी गाडी खड्ड्यात गेली की खालून कुरकुर ऐकू येते. मालक म्हणतो, "बोईसरचे रस्ते!" रस्त्यांवरचे बाकीचे सगळे आरोप खरे असल्यामुळे हाही त्यांच्याच खात्यावर जमा होतो.

आत बसावं तर नव्या गाडीच्या सीटचं प्लास्टिक दोन-दोन वर्षं काढलेलं नसतं. गाडी 'नवी राहते'. प्लास्टिकखाली पालघरच्या जुलैचा दमट श्वास अडकतो आणि सीटला बुरशी येते. नवेपण शाबूत, फक्त त्याला गोदामाचा वास. प्लास्टिक काढलं की वर जाड कव्हर चढतं. सीटच्या कडेला 'एअरबॅग' अशी बारीक पट्टी शिवलेली असेल तर ती पिशवी त्या कडेतूनच बाहेर येते, भलत्या कव्हरनं तिची वाट अडते. पण रेक्झिनवर सोनेरी दोऱ्याची नक्षी असते, तेव्हा काय बोलणार.

पावसात हायवेला लागलं की पुढच्या सगळ्या गाड्या पार्किंग लाइट लावून पळत असतात. चारही इंडिकेटर लुकलुक, लुकलुक. दहा गणपती मिरवणुकीला निघाल्यासारखं दिसतं. हे दिवे गाडी बंद पडून उभी असल्याची खूण. चालत्या गाडीनं ते लावले की ती वळणार कुठं, हे सांगायला दिवाच उरत नाही. त्याहून नामी प्रकार नाक्यावर: डावीकडे डावा, उजवीकडे उजवा, मग सरळ जायचं तर दोन्ही! तर्क निर्दोष आहे. फक्त डावीकडून येणाऱ्याला गाडीची डावी बाजूच दिसते, त्याला वाटतं ही वळतेय, आणि तो घुसतो. सरळ जाणाऱ्यासाठी मोटारीच्या शोधकर्त्यांनी काहीच ठेवलेलं नाही, याचं कारण सरळ जायचं असताना काहीच करायचं नसतं. हे आपल्या स्वभावाला पटत नाही.

आणि पट्टा. पुढं बसणारा पोलीस दिसला की पट्टा छातीवरून नुसता ओढून धरतो. मागं बसणाऱ्याला तेवढाही त्रास नाही, "मागं कशाला लागतो?" ४ सप्टेंबर २०२२ च्या रविवारी दुपारी याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, अहमदाबादहून मुंबईला निघालेली एक महागडी परदेशी बनावटीची गाडी कठड्यावर आदळली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागच्या सीटवर बसलेले सहप्रवासी गेले. दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवरचा पट्टा सक्तीचा करणारा मोटार वाहन नियम १३८ (३) तेव्हाही पुस्तकात होताच, हजार रुपये दंडासकट. देशाला तो त्या आठवड्यात कळला. काही दिवस बोईसरच्या रिक्षा स्टँडवरसुद्धा त्याचीच चर्चा होती.

त्याच सुमारास दुसरीकडे एक चिमुकली क्लिप जोरात खपत होती. पट्ट्याच्या खाचेत ती अडकवली की गाडीला वाटतं पट्टा लावला, आणि ती टुंग टुंग थांबवते. कुणी बाटली उघडायच्या नावाखाली विकत होतं, कुणी लायटरच्या. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन बाजारांना ती विकायला बंदी केली, तेरा हजारांहून जास्त जाहिराती उतरवल्या गेल्या. काकांकडे तशी क्लिप होती. काकूंनी ती एक दिवस काढून घेतली आणि देवघरातल्या उदबत्त्यांच्या पुड्याला लावली. "इथं तरी उपयोग होईल," म्हणाल्या. तेव्हापासून काकूही मागं बसून पट्टा लावतात. मंडईपर्यंतसुद्धा.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं गाडी घेतली. ती तारापूरच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात आहे, पुस्तिका पहिल्या पानापासून वाचणारी. गाडी विजेवरची. पेढे वाटून झाले, चाकाखालचं लिंबू चिरडून झालं आणि काका पिवळं फडकं घेऊन पुढं आले.

"चोक?"

"नाही काका."

"सकाळी किती मिनिटं गरम करायला सांगितलीय?"

"गरम नाही करायची. इंजिनच नाहीये."

काकांनी बॉनेट उघडायला लावलं, आत पाहिलं, वरच्या मजल्याकडे पाहिलं. "ऑइल?" नाही. "क्लच?" नाही. "कूलंट?"

"ते आहे. बॅटरीसाठी. पण झाकणाला हात नाही लावायचा."

काकांचा चेहरा जरा उजळला. "वाघोबाच्या उताराला न्यूट्रल..."

"उताराला ती स्वतःच थोडी चार्ज होते, काका. न्यूट्रल केलं तर तेही जाईल."

बराच वेळ काही बोलणं झालं नाही. काका गाडीभोवती एक फेरी मारून आले, खाली वाकले, चाकाला अंगठ्यानं दाबून पाहिलं. उठले तेव्हा तीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाचा आत्मविश्वास परत आला होता.

"टायर आहेत ना हिला?"

"चार आहेत."

"मग नायट्रोजन भरून घे."